अबू धाबीची ॲडव्हायझरी टीचरची ऑफर : १६,००० दिरहम म्हणजे नक्की किती?

स्लाऊहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या १२ वर्षं इंग्लंडमध्ये प्रायमरी शाळेत शिकवतात, क्यूटीएस (इंग्लंडची शिक्षकाची अधिकृत पात्रता) आहे, पगार वर्षाला ४८,००० पाउंड. नवरा आयटीत, मुलगी इयर ९ मध्ये (तेरा-चौदा वर्षांची), सासू-सासरे सांगलीला आणि दोघांच्याही तब्येती आता कुरकुरायला लागल्यात. एका कंपनीने अबू धाबीतल्या सरकारी शाळांसाठी ॲडव्हायझरी टीचरची, म्हणजे तिथल्या शिक्षकांना शिकवण्यात मदत करणाऱ्या सल्लागाराची, ऑफर दिलीये, दोन वर्षांचा करार, महिना १६,००० दिरहम, टॅक्स नाही. त्यात बेसिक ८,०००, घरभाडं ५,५००, बाकी २,५०० गाडी वगैरे. मुलीच्या फीसाठी वर्षाला ३०,००० वेगळे, तिघांचं वर्षातून एकदा तिकीट. "घ्यावी का?" एवढाच प्रश्न आहे.

ताई, या आकड्यात मी घेणार नाही. पण का ते नीट सांगते कारण ऑफर वाईट नाहीये, ती एकट्या शिक्षकासाठी केलेली आहे आणि तुम्ही तिघं आहात.

आधी हिशोब करू. पाउंडाला ४.९ दिरहम धरले तर १६,००० म्हणजे साधारण ३,२५० पाउंड. आत्ता तुमच्या हातात पेन्शन, टॅक्स, एनआय (नॅशनल इन्शुरन्स) कापून २,८०० च्या थोडं वर येत असणार. म्हणजे वरवर बघितलं तर चारशे पाउंडांचा फायदा आणि वर ऊन फुकट. आता वर्षाचा हिशोब लावा. १,९२,००० दिरहम आले. अबू धाबी शहरात बऱ्यापैकी दोन बेडरूमचं घर ९०,००० ला धरा, ते गेले. ब्रिटिश शाळेची इयर १० ची फी ५५,००० धरली (याहून महाग शाळा भरपूर आहेत) तर कंपनीचे ३०,००० वजा जाता २५,००० तुमच्या खिशातून. उरले ७७,०००. किराणा, गाडी, पेट्रोल, एसीचं बिल, फोन, मुलीचे क्लास, सांगलीला पाठवायचे पैसे, हे सगळं महिना ६,००० मध्ये बसवलं, आणि हे मी कंजूसपणे धरलंय, तर ७२,००० गेले. वर्षाअखेर हातात राहिले ५,००० दिरहम, म्हणजे हजार पाउंड. नवऱ्याची कमाई चालू राहिली तर चित्र पूर्ण बदलतं, पण तुमच्या पत्रात "ते तिकडे गेल्यावर बघतील" असं एक वाक्य आहे, आणि खरं सांगायचं तर अख्खा निर्णय त्या एका वाक्यावर उभा आहे.

तर ते आधी बघा. पत्नीच्या स्पॉन्सरशिपवर नवरा येऊ शकतो, २०१९ पासून नियम कमाईवर आहे, ४,००० दिरहम किंवा ३,००० आणि राहायला घर एवढं असलं की पुरतं, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. पण डिपेंडंट व्हिसावर तिथे नोकरी करायची तर नव्या मालकाने वर्क परमिट काढावं लागतं. आणि लंडनची नोकरी लॅपटॉपवरून तिकडून करायची असेल तर त्यांच्या कंपनीची लेखी परवानगी हवी, कारण पेरोल आणि टॅक्सचा गुंता असतो आणि एचआरला असली प्रकरणं अजिबात आवडत नाहीत. यूएईचा रिमोट वर्कवाल्यांसाठी वेगळा एक वर्षाचा व्हिसा आहे, त्याला महिना ३,५०० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, तोही पर्याय बघून ठेवा.

आता पगाराच्या आतलं. सगळे टोटल विचारतात, बेसिक कोणी विचारत नाही. यूएईच्या २०२१ च्या लेबर लॉप्रमाणे, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची, त्यापुढे ३० दिवसांची. ८,००० च्या बेसिकवर वर्षाला ५,६०० दिरहम झाले, दोन वर्षांचे ११,२००. तेच बेसिक ११,००० असतं आणि भत्ते कमी, टोटल तीच, तर १५,४०० मिळाले असते. कंपन्या बेसिक उगाच कमी ठेवत नाहीत. नोकरी गेल्यावर मिळणारा जो सक्तीचा विमा आहे, महिना ५ दिरहमवाला, तोसुद्धा बेसिकच्या ६० टक्के आणि जास्तीत जास्त तीन महिने, त्यासाठी आधी १२ महिने हप्ते भरलेले हवेत आणि राजीनामा स्वतः दिला तर काही नाही.

आणि याच्यासमोर तुम्ही काय सोडताय ते बघा. इंग्लंडच्या टीचर्स पेन्शनमध्ये तुम्ही काम केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पगाराचा ५७ वा भाग वार्षिक पेन्शन म्हणून जमा होतो, म्हणजे ४८,००० वर साधारण ८४० पाउंड, दरवर्षी, आयुष्यभर, महागाईबरोबर वाढणारे. दोन वर्षं बाहेर गेलात तर म्हातारपणी वर्षाला सोळाशे-सतराशे पाउंड कमी. तिकडच्या एकरकमी ११,२०० दिरहमांशी म्हणजे जेमतेम २,३०० पाउंडांशी याची तुलना तुम्हीच करा. "टॅक्स फ्री" म्हणताना हे कोणी धरत नाही, एजंट तर नाहीच नाही.

बरं, पैसे बाजूला. ॲडव्हायझरच्या नोकरीची खरी गोम वेगळी आहे, ती प्रोजेक्टवर असते. शाळेला शिक्षक कायम लागतो, सल्लागार धोरण असेपर्यंत लागतो. अबू धाबीतच बघा ना, २००६ मध्ये तिथल्या एज्युकेशन कौन्सिलने सरकारी शाळांसाठी खाजगी कंपन्यांबरोबर प्रकल्प सुरू केला, ब्रिटन, न्यूझीलंड, अमेरिका सगळीकडून कंपन्या आल्या आणि आपापले ॲडव्हायझर घेऊन आल्या, छान पॅकेजेस होती. मग २०१० पासून न्यू स्कूल मॉडेल (अरबीबरोबर इंग्रजीतही शिकवायची नवी पद्धत) आलं, कौन्सिलने इंग्रजी बोलणारे शिक्षक स्वतःच भरती करायला घेतले आणि मधल्या कंपन्यांची गरज संपत गेली. कतारमध्ये २००४ पासून इंडिपेंडंट स्कूल्स (सरकारी पैशावर चालणाऱ्या) निघाल्या, गणित-सायन्स इंग्रजीत, बाहेरच्या सपोर्ट कंपन्या, आणि २०१२ मध्ये निर्णय फिरला, गणित-सायन्स परत अरबीत. यात कोणाला दोष द्यायचा नाही, त्यांच्या मुलांनी कोणत्या भाषेत शिकायचं हे तेच ठरवणार. पण बाहेरून आणलेल्या सल्लागाराला अशा वेळी एक टर्मची नोटीस मिळाली तरी नशीब म्हणायचं.

म्हणून पहिला प्रश्न कंपनीला हा विचारा, तुमचा सरकारशी करार कधी संपतो? माझा दोन वर्षांचा आणि तुमचा एक वर्षाचा उरलेला असं आहे का? त्यांनी "नूतनीकरण होणारच आहे" असं सांगितलं तर समजून जा. मग विचारा की प्रोजेक्ट मध्येच बंद पडला तर उरलेल्या महिन्यांचा पगार देणार का, परतीची तिकिटं आणि सामान कोण पाठवणार. तोंडी नको, ऑफर लेटरमध्ये. तुमची मालक ही कंपनी आहे, शिक्षण खातं नाही, त्यामुळे खात्याच्या स्वतःच्या नोकरांच्या सवलती बघून हुरळू नका. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात त्यांनी १४ दिवसांची लेखी नोटीस दिली की झालं. नोकरभरतीचा आणि व्हिसाचा खर्च कर्मचाऱ्याकडून घ्यायचा नाही असा कायदा आहे, तेव्हा कोणी "प्रोसेसिंग फी" मागितली तर तिथेच थांबा.

दुसरा प्रश्न, कुठे? "अबू धाबी" म्हणजे शहर की अमिरात? जाहिरातीत अमिरात असते बरेचदा. अल ऐन दीडशे किलोमीटर आहे, छान हिरवं गाव आहे, तिथे माणूस सुखाने राहतो. पण अल धफ्रा म्हणजे पश्चिमेकडचा पट्टा, मदिनत झायेद, रुवैस, घयाथी, आणि टोकाला सिला, जे सौदीच्या सीमेजवळ शहरापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. तिथे भाडं कमी आणि कधी कंपनीचं घर मिळतं, पैसे खरोखर साठतात. पण इयर १० च्या मुलीला घेऊन तिथे जाऊ नका, शाळांची निवड फारच थोडी आहे.

तिसरं, काम काय? तुमचा स्वतःचा वर्ग नसणार. वीस वर्षं शिकवणाऱ्या अरब शिक्षिकेच्या वर्गात मागे बसून बघायचं, तिच्याबरोबर प्लॅनिंग करायचं, मॉडेल लेसन द्यायचा, मध्ये दुभाषी असेल किंवा नसेलही. ती तुमचं का ऐकेल, हा रास्त प्रश्न आहे, आणि पहिले दोन-तीन महिने चहा-कॉफी आणि गप्पांतच जातात, ते कामच आहे असं समजायचं. आपल्याकडे शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर काय वातावरण व्हायचं ते आठवा म्हणजे कल्पना येईल. एकच शाळा देणार की तीन-चार, फिरायचा खर्च कोणाचा, आणि सुट्ट्या कोणत्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण शिक्षकांना शाळेच्या सुट्ट्या असतात पण ॲडव्हायझरला कधीकधी लेबर लॉच्या ३० दिवसांवर भागवावं लागतं, आणि ते कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. तुमचं सांगलीचं गणित सगळं सुट्ट्यांवर आहे. मुंबई तीन तासांवर आहे हे बरोबर, पण सुट्टीच नसेल तर तीन तास काय आणि नऊ तास काय.

मुलीचं. आत्ता इयर ९, म्हणजे जाल तेव्हा इयर १० ला सुरुवात, जीसीएसईची (तिथल्या दहावीसारख्या परीक्षेची) दोन वर्षं आणि कराराची दोन वर्षं बरोब्बर जुळतात, हे चांगलंय. धोका एवढाच की वर्षभरात परत यावं लागलं तर ती अर्ध्या अभ्यासक्रमात अडकेल, कारण तिकडे बहुतेक इंटरनॅशनल जीसीएसई, आणि स्लाऊच्या शाळेत बोर्ड वेगळं असू शकतं. शाळा घेतानाच विषयांचं बोर्ड विचारून घ्या. अजून एक जे लोकांना फार उशिरा कळतं, इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीत होम फी (स्थानिकांची कमी फी) मिळायला कोर्सच्या आधीची तीन वर्षं यूकेत वास्तव्य लागतं. तात्पुरत्या नोकरीसाठी बाहेर होतो हे दाखवता येतं, पण ते दाखवावं लागतं, म्हणून स्लाऊचं घर, पत्ता, दोन वर्षांच्या कराराची कॉपी सगळं जपून ठेवा. घर विकू नका, भाड्याने द्या.

आणि तुमच्या पत्रात एका ओळीत उरकलेली गोष्ट, नवऱ्याकडे अजून आयएलआर (यूकेत कायम राहायची परवानगी) आहे, सिटिझनशिप नाही. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त यूकेबाहेर राहिलं तर आयएलआर जातं. आणि सिटिझनशिपच्या अर्जाला मागच्या पाच वर्षांत ४५० दिवस (तुम्ही ब्रिटिश नागरिक असाल तर त्यांना तीन वर्षांत २७०) आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस यापेक्षा जास्त गैरहजेरी सहसा चालत नाही, म्हणजे एकदा गेलात की परत येऊन वर्षानुवर्षं थांबायचं. अर्ज आत्ता करा, अबू धाबी नंतर.

मग कंपनीला काय लिहायचं? तेवढीच टोटल असेल तर बेसिक ११,००० मागा. मुलीची फी पूर्ण मागा, ३०,००० ची मर्यादा नको. घर कंपनीने द्यावं, किंवा घरभाडं वर्षाचं आगाऊ द्यावं, कारण तिकडे भाडं एक-दोन-चार चेकमध्ये आधी जातं आणि भत्ता महिन्याला येतो, सुरुवातीलाच हजारो दिरहम घालावे लागतात. फी आणि घर दोन्ही मिळालं तर वर्षाला ५० हजारांच्या आसपास फरक पडतो, मग जायला हरकत नाही, आणि नवऱ्याचं काम चालू राहिलं तर मी म्हणेन जाच, दोन वर्षं सासू-सासऱ्यांच्या जवळपास राहता येईल त्याची किंमत मी कशाला लावू.

राजीनाम्याची घाई करू नका एवढं मात्र ऐका. ऑगस्टअखेर सुटायचं तर इंग्लंडच्या शाळेत ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो आणि गल्फच्या कंपन्यांची कागदपत्रं मेमध्ये कधीच पूर्ण नसतात. हेडला आधी विचारा, दोन वर्षांची बिनपगारी सुट्टी देतात का, काही शाळा देतात. तुमची बीएस्सी पुण्याची आहे म्हणजे त्या डिग्रीचं ॲटेस्टेशन (ती खरी असल्याचे सरकारी शिक्के) भारतातूनच, आधी महाराष्ट्र शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि पीजीसीईचं (तिथल्या बीएडसारख्या कोर्सचं) वेगळं यूकेत, शिवाय पोलिसांचं चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट. मूळ डिग्री स्लाऊला कपाटात असेल तर कोणी पुण्याला जाणारं बघून आजच पाठवून द्या, ऑफर घ्या किंवा नका घेऊ, हे कागद एकदा झाले की पुढच्या वेळी कामाला येतात.