जुन्या मारुती ८०० चे इंजिन माउंटिंग घरी बदलता येतं का?

येतं की, मी गोव्यात डिचोलीला घरच्या अंगणात बदललंय. माउंटिंग म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा रबरी आधार. पण आधी खात्री कर, न्यूट्रलला गिअर लिव्हर थरथरतो आणि क्लच सोडताना धप्प आवाज येतो तर बहुतेक माउंटिंगच, तरी बॉनेट उघडून कुणाला तरी इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, हँडब्रेक ओढून नि ब्रेक दाबून क्लच जरासा सोडायला सांग आणि तू बाजूला उभा राहून बघ (समोर नको हां!), इंजिन उडी मारल्यासारखं हललं की समज रबर गेलं.

आपल्याकडे खरा त्रास बोल्टचा. पावसाने आणि खाऱ्या हवेने असा गंज चढतो की जोर लावला की डोकंच तुटतं, म्हणून आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेव, फक्त नव्या रबरावर तेल-ग्रीस लागू देऊ नको, फुगतं ते.

जमीन सपाट हवी, चाकांना दगड लाव, बॅटरीची निगेटिव्ह काढ. ऑइल चेंबरखाली (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) जॅक लावताना मध्ये लाकडाची जाड फळी ठेवायचीच, नाहीतर चेंबर चेपतो. इंजिन उचलायचं नाही, वजन जॅकवर येईल इतकंच. आणि एका वेळी एकच माउंटिंग! सगळे बोल्ट आधी हाताने लाव, भोक जुळत नसेल तर टॉमीने (लोखंडी पहारीसारखा दांडा) इंजिन हळू सरकव, शेवटी जॅक उतरवून वजन बसलं की मग टाईट कर.

खाली शिरायची वेळ आली तर मात्र गाडी पेलणाऱ्या जॅक स्टँडशिवाय नको रे.