अमेरिकेत २००३ ची कॅमरी चालवतो. गाडीत ऑक्स (बाहेरचं उपकरण वायरने जोडायचं छिद्र) नाही, कॅसेट प्लेअर आहे. सॅटेलाइट रेडिओ कोणता घ्यावा?

सिरियसएक्सएम या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा डॉक-अँड-प्ले रेडिओ (गाडीत बसवायचा, काढता येणारा छोटा रेडिओ) घ्या आणि तो कॅसेट अडॅप्टरने, म्हणजे प्लेअरमध्ये घालायच्या वायरवाल्या कॅसेटने जोडा. स्टिरिओ बदलायची गरज नाही. माझ्या जुन्या गाडीत हीच जोडणी आहे. एफएम ट्रान्समीटरच्या (आवाज रिकाम्या एफएम फ्रिक्वेन्सीवरून गाडीच्या रेडिओला पाठवणाऱ्या उपकरणाच्या) नादी लागू नका: शहरात रिकामी फ्रिक्वेन्सी मिळत नाही, मधेच दुसरं स्टेशन घुसतं आणि खरखर सुरू होते. खरी मेख अँटेनात आहे. चुंबकाचा अँटेना टपावरच बसवा, वायर दाराच्या रबरी बीडिंगखालून आत घ्या. आकाश मोकळं दिसलं पाहिजे. बोगद्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये आवाज तुटणारच. मात्र वर्गणी वेगळी भरावी लागते, त्यामुळे फिरणं फक्त शहरातलं असेल तर फोनवरचं ॲप त्याच अडॅप्टरने ऐकलेलं बरं. लांब, नेटवर्क नसलेल्या हायवेसाठी मात्र रेडिओच.