तालुक्याच्या गावात फायबर इंटरनेट चालवतो. ग्राहकांना कॉम्प्युटर आणि ऑनलाइन सुरक्षेबद्दल सावध कसं ठेवू?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की चारेकशे कनेक्शन आहेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सायबर सुरक्षा' म्हणून रंगीत चित्रं टाकता आणि कोणी बघत नाही. काय सांगावं, किती वेळा आणि कशातून, असं विचारलंय.

चित्रं आधी बंद करा. 'गुड मॉर्निंग'च्या ढिगात ती वाहून जातात. पण खरी अडचण वेगळी आहे. ठक आणि इंटरनेटवाला एकाच भाषेत बोलतात: 'तुमचं कनेक्शन आज बंद होईल', 'केवायसी अपडेट करा', 'ओटीपी आला असेल तो सांगा', 'या लिंकवर पेमेंट करा'. तुमच्याच ऑफिसातून असे मेसेज जात असतील तर ग्राहकाला फसायची सवय तुम्हीच लावताय. म्हणून सुरुवात स्वतःच्या ऑफिसपासून करा.

ओटीपी फोनवर विचारायचा नाही, कधीच नाही. नवीन कनेक्शनच्या वेळी कंपनीच्या ॲपचा ओटीपी लागतो, तेव्हा लाइनमन दारात उभा असताना ग्राहकाने मेसेज वाचावा, त्यात कंपनीचं नाव आहे का पाहावं आणि आकडे स्वतः टाकावेत. लाइनमनच्या वैयक्तिक क्यूआरवर पैसे घेणं बंद करा. आज पोराच्या क्यूआरवर दिले की उद्या 'मी त्यांच्याकडचा नवीन माणूस' म्हणणाऱ्याच्या क्यूआरवरही जातील. एकच क्यूआर ठेवा, आणि स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं ते पावतीवर छापा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखी स्क्रीन शेअर करणारी ॲप्स ग्राहकाच्या फोनमध्ये टाकायला सांगू नका. राउटरची तक्रार फोनच्या स्क्रीनवरून सोडवायची गरज फार क्वचित पडते. आणि मेसेजमध्ये लिंक नको. बल्क एसएमएस पाठवत असाल तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची मोबाइल कंपन्यांकडची नोंदणी) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, नोंदवावंच लागतं, त्यातली लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते. लिंकच टाकली नाही तर ही कटकट वाचते, शिवाय 'आम्ही कधीच लिंक पाठवत नाही' हे छातीठोकपणे सांगता येतं.

दुसरं काम स्टिकरचं. नेट बंद पडलं की लोक मोबाइल डेटावर 'कस्टमर केअर नंबर' शोधतात आणि गूगलवर कोणीतरी पेरून ठेवलेला खोटा नंबर लावतात. हा सापळा खास आपल्याच धंद्यातला आहे. राउटरच्या वरच्या बाजूला (खाली नको, तिथे कोणी बघत नाही) हाताच्या पंजाएवढं स्टिकर लावा. त्यावर ऑफिसचा नंबर, पेमेंटचं नाव, 'आम्ही ओटीपी विचारत नाही, लिंक पाठवत नाही' हे एक वाक्य, आणि खाली १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. शिवाय दिव्यांचा अर्थ छापा: पॉन हिरवा स्थिर म्हणजे लाइन ठीक, लॉस लाल म्हणजे फायबर तुटली किंवा वाकली, आम्हाला फोन करा. हे सुरक्षेचं नाही, पण त्यासाठी माणूस स्टिकरकडे वारंवार बघतो आणि नंबर डोळ्यांत बसतो.

राउटर बसवतानाची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. तेव्हा ग्राहक समोर असतो आणि ऐकायच्या मनःस्थितीत असतो. बहुतेक ठिकाणी लाइनमन वायफायचा पासवर्ड ग्राहकाचा मोबाइल नंबर ठेवतो, नाहीतर सगळ्या गावाला एकच. शेजाऱ्याला दोन्ही माहीत असतात. किमान १२ अक्षरं घ्या. तीन असंबद्ध शब्द आणि एक आकडा पाठ राहतो, 'विहीर चष्मा पोहे ४७' असं काहीतरी, रोमन अक्षरांत आणि मधल्या जागा न सोडता. तो ग्राहकालाच टाइप करू द्या. राउटरच्या आतल्या पानाचा (बहुधा १९२.१६८.१.१) ॲडमिन पासवर्ड वेगळा हवा. वायफायचा बदलला आणि ॲडमिनचा कारखान्यातला तसाच राहिला, हे सर्रास दिसतं. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनवरून वायफाय जोडायची सोय, बंद करा. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ एईएसवर ठेवा. फक्त नवा डब्ल्यूपीए३ केलं तर जुने फोन आणि प्रिंटर जोडले जात नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

बाहेरून राउटर हाताळायची सोय तुमच्या मॅनेजमेंट नेटवर्कपुरतीच उघडी ठेवा, सगळ्या इंटरनेटला नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते ७५४७ या दूरनियंत्रणाच्या पोर्टवरून (राउटरचं बाहेरून आत यायचं दार) झालेल्या मिराई या व्हायरसच्या हल्ल्यामुळे.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, तीही राउटरमध्येच लावून टाका. ९.९.९.९ दिलं तर माहीत असलेल्या फसव्या साइट उघडतच नाहीत. लहान मुलांच्या घरात कोणी मागितलं तर १.१.१.३, त्यात प्रौढ साइटही अडतात. दुसरा पत्ता मात्र त्याच सेवेचा द्या: पहिल्यासोबत १४९.११२.११२.११२, दुसऱ्यासोबत १.०.०.३. अनेक जण दुसऱ्या रकान्यात सवयीने ८.८.८.८ टाकतात, मग फोन कधी इकडून विचारतो, कधी तिकडून, आणि गाळणीला भोक पडतं. काय लावलंय ते ग्राहकाला सांगून लावा, गुपचूप नको. मोबाइल डेटावर हे काही चालत नाही, हेही त्याच वेळी सांगा.

आता माध्यम. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये चारशे जणांचे नंबर एकमेकांना उघडे पडतात. तो ग्रुप म्हणजे ठकाला तयार यादी. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, पण एका यादीत २५६च लोक बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. त्यामुळे बसवतानाच नंबर सेव्ह करून घ्या. चॅनेल केलं तर एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण लोकांनी आपणहून यावं लागतं. माझा कल ब्रॉडकास्ट आणि पावतीची मागची बाजू या जोडीकडे आहे. वयस्क माणसं पावती जपून ठेवतात.

महिन्याला एकच मेसेज, एकच विषय, एकच कृती. असा:

'नमस्कार. सध्या लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके (ॲप बसवायची) फाइल येते, तीही ओळखीच्या नंबरवरून. पत्रिका उघडताना "इन्स्टॉल" हा शब्द दिसला तर ती पत्रिका नाही. बंद करा आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. इन्स्टॉल झालीच असेल तर फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून आम्हाला कळवा. नंबर राउटरच्या स्टिकरवर आहे.'

यात 'सावध राहा' कुठेच नाही, कारण सावध राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. एपीकेचं उदाहरण मुद्दाम घेतलं. आरटीओ चलान, पीएम किसान, पत्रिका, नावं बदलतात, आतलं यंत्र तेच. फाइलवर बोट ठेवलं की ॲन्ड्रॉइड अडवतो आणि 'या ठिकाणाहून परवानगी द्या' असं विचारतो. ते बटण दाबलं, पुढे एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे जातात आणि तीच फाइल तुमच्या नावाने पुढच्यांना. उपाय एकदाच करायचा: सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या तिघांसमोरचं बटण बंद करा. लाइनमन घरी गेला की हे दोन मिनिटांत करून देऊ शकतो, ग्राहकाच्या हातातल्या फोनवर, फोन स्वतःच्या हातात न घेता.

बाकी विषय हंगामाप्रमाणे आपोआप सुचतात: मे-जूनमध्ये निकालाच्या खोट्या लिंका, जुलैत आयकर परतावा, दिवाळीत स्वस्त सेल, आणि बारमाही 'आज रात्री वीज कापली जाईल'. डिजिटल अरेस्टवर एक महिना द्याच; व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही, एवढं वाक्य पुरे. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, हेडरवरून येतो, आणि त्याच्या शेवटी एस, टी, पी किंवा जी असतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं, तेव्हा पत्त्याचा शेवट बघायची सवय आता लावता येते.

ऑफिसात फोन उचलणाऱ्या मुलीला मात्र एक कागद लिहून द्या, कारण पैसे गेलेला माणूस घाबरून आधी ओळखीच्यालाच फोन लावतो, आणि तो तुम्ही असता. कागदावर पहिली ओळ: 'फोन ठेवा आणि १९३० लावा, आत्ताच.' पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात; ते वाटेत गोठवता यावेत म्हणून घाई. जवळ काय हवं: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी). मग बँकेला कळवायचं, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार पूर्ण करायची. एपीके टाकलं असेल तर एरोप्लेन मोड, आणि वायफाय वेगळं चालू राहिलं नाही ना ते पाहायचं. चॅट आणि मेसेजचे स्क्रीनशॉट आधी, फोन फॅक्टरी रीसेट नंतर. ॲप निघत नसेल तर ते 'डिव्हाइस ॲडमिन'मध्ये बसलेलं असतं. तिथली टिक काढली की अनइन्स्टॉल होतं. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायचे. आणि 'कसं काय फसलात हो?' हे विचारायचं नाही. लाजेपायी माणूस तासभर गप्प बसतो आणि तोच तास महागात पडतो.

स्टॅटिक आयपी घेतलेले ग्राहक, म्हणजे दवाखाने, पेट्रोल पंप, सीएची ऑफिसं, यांना वेगळं बोला. घरगुती ग्राहक बहुधा सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे अनेकांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता असतो आणि बाहेरून थेट पोचता येत नाही. स्टॅटिक आयपीवाले मात्र स्वतःच्या कायमच्या पत्त्यासह उघड्यावर असतात. घरून टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) बघायची म्हणून ३३८९ पोर्ट (दुरून कॉम्प्युटर चालवायचं दार) उघडलेलं असतं, पासवर्ड दुकानाचं नाव, आणि एका सकाळी सगळ्या फाइलींना कुलूप. पोर्ट बंद करून व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायचा बंदिस्त खासगी मार्ग, लावा. टॅलीचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर आलटून पालटून, आणि पेनड्राइव्ह काढून ठेवलेला. लावूनच ठेवला तर त्यालाही कुलूप लागतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) कारखान्यातल्या पासवर्डवर असतोच. विन्डोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. घरगुती पीसीला नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, तेही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. हिशोबाचं मशीन आधी बदला.

शेवटी एक नाजूक प्रकार. सर्ट-इन (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) किंवा तिच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून 'या आयपीवर बॉट आहे', म्हणजे ठकांच्या ताब्यातलं यंत्र आहे, अशी सूचना तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या वरच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत येते. सीजीनॅट असेल तर सूचनेतली वेळ आणि पोर्ट नंबर लॉगशी (कोण कधी जोडलं होतं त्याच्या नोंदीशी) जुळवूनच ग्राहक ठरवा, नाहीतर भलत्याच्या दारात जाल. आणि त्याला फोन करून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' म्हणू नका, हे शब्द ठकांनी बाटवलेत. 'तुमच्या लाइनबद्दल बोलायचंय, स्टिकरवरच्या नंबरवर फोन करा,' एवढंच सांगून ठेवून द्या. त्याचा फोन आला की वेळ ठरवून माणूस पाठवा आणि केंद्राच्या साइटवरचं मोफत साधन त्याच्यासमोर चालवा.