दोन महिन्यांची बंदी खोल समुद्राला का पुरत नाही

मागच्या अंकात युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२२ पासून अटलांटिकमध्ये तळाच्या मासेमारीला (समुद्रतळाला टेकणारी जाळी, सापळे, गळ लावून होणाऱ्या) बंद केलेल्या ८७ क्षेत्रांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तर देते आहे.

प्रश्न : ताई, आमचा स्वतःचा ट्रॉलर आहे. १ जूनला बोटी वर ओढतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो आणि मग पुन्हा धंद्याला लागतो. बंदीनंतर मासळी सुधारते हे आम्ही डोळ्यांनी बघतो. मग युरोपवाल्यांनी कायमचं कुलूप कशाला लावायचं? तेही दोन-तीन महिने बंद ठेवू शकतात की! — एक मच्छीमार, गुहागर तालुका

तुमचा अनुभव खरा आहे. पण तो बांगडा, तारली आणि कोळंबीचा अनुभव आहे. ही मासळी वर्षभरात गाभोळी धरते, लाखांनी अंडी टाकते. तिला पावसाळ्यात मोकळं सोडलं की तुम्हाला त्याच हंगामात फळ दिसतं.

आता ४०० मीटरच्या खाली चला. ऊन तिथे जवळजवळ पोचतच नाही. वरून झिरपत येणारा मेलेल्या जीवांचा भुगा हेच अन्न, तेही बेताचं. अशा ठिकाणी कुणालाच घाई परवडत नाही. ऑरेंज रफी नावाचा एक मासा आहे. १९८०च्या दशकात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाजवळ तो प्रचंड प्रमाणात उपसला गेला. हा मासा तिशीच्या आसपास पहिल्यांदा अंड्यावर येतो आणि शंभराहून जास्त वर्षं जगतो. जाळ्यात आलेल्या कित्येक माशांचा जन्म पहिल्या महायुद्धाआधीचा होता. दोन महिन्यांची सुट्टी देऊन त्याचं काय भलं होणार?

आणि मी अजून माशांबद्दलच बोलते आहे. बंदी मुख्यतः तळाला चिकटून बसलेल्यांसाठी आहे : थंड पाण्यातलं प्रवाळ, स्पंज, चिखलात रोवून उभे असलेले पिसासारखे सी-पेन. माझ्या टेबलावर लोफेलिया या प्रवाळाचा एक तुटका तुकडा आहे, नॉर्वेत काम करणाऱ्या सहकाऱ्याने दिलेला. बोटभर लांब, पांढरा, हातात घेतला की दिसतो त्यापेक्षा जड. फांदीफांदीच्या टोकाला सेंटिमीटरभर रुंदीची वाटी, तिच्या आत कडेने कागदासारखे पातळ पडदे. प्रत्येक वाटीत एक जीव राहत होता आणि प्रवाहातून येणारे सूक्ष्म प्राणी धरून खात होता. ही फांदी वर्षाला पाच ते पंचवीस मिलिमीटर वाढते. वाटीची कड मी नुसत्या नखाने मोडू शकते. नॉर्वेजवळचे काही प्रवाळखडक आठ हजार वर्षांपेक्षा जुने आहेत, आणि हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचं वय चार हजारांवर भरलं होतं.

अशा प्रवाळावरून खोल पाण्याचा ट्रॉल, म्हणजे तळावरून ओढायचं पिशवीसारखं जाळं, जातो तेव्हा काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन लोखंडी फळ्या टनावारी वजनाच्या, खालच्या दोराला खडकावरून उड्या मारत जाणारी रबरी चाकं, आणि हे सगळं तासन् तास तळावरून ओढलेलं. एका ओढीत जे मोडतं ते तुमच्या-माझ्याच काय, नातवंडांच्या हयातीतही उभं राहत नाही. म्हणून तिथे हंगामी बंदीला अर्थ नाही.

प्रश्न : बंद केल्यावर प्रवाळ परत येतं, याचा काही पुरावा आहे का? की ही नुसती आशा? — विद्यार्थिनी, प्राणिशास्त्र, नागपूर

पुरावा आहे, पण सुखाचा नाही. स्कॉटलंडच्या वायव्येला, जवळजवळ हजार मीटर खोलीवर, ‘डार्विन माउंड्स’ नावाचे शेकडो वाळूचे उंचवटे आहेत. १९९८ मध्ये सापडले. उंची पाच मीटरपर्यंत, माथ्यावर लोफेलिया. आसपासच्या वाळूवर झेनोफायोफोर नावाचे जीव भरपूर. तू प्राणिशास्त्राची आहेस, तुला आवडेल : हा जीव एकपेशीय, तरी वाढून मुठीपेक्षा मोठा होतो.

सापडल्यानंतर दोन वर्षांच्या आत तिथे ट्रॉलचे ओरखडे आणि मोडलेल्या प्रवाळाचा चुरा कॅमेऱ्यात दिसला. २००३ मध्ये युरोपीय आयोगाने तातडीने बंदी घातली, २००४ मध्ये ती कायम झाली. २०११ मध्ये शास्त्रज्ञ पाहायला परत गेले. पश्चिमेकडचे उंचवटे फारसे ट्रॉलखाली आले नव्हते, तिथलं जिवंत प्रवाळ टिकून होतं. पूर्वेकडचे उंचवटे आधीच झोडपले गेले होते. तिथे आठ वर्षांत प्रवाळ परत रुजलं नव्हतं.

मी उमेदीची सगळी वर्षं समुद्रतळाचा चिखल चाळण्यात घालवली. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर चिखल धुवायचा, उरलेल्या गाळाला रोझ बेंगाल हा रंग लावायचा, मग जे गुलाबी होतं ते सुईच्या टोकाने एकेक वेचायचं. चमचाभर गाळातून किती तऱ्हेचे किडे, शिंपले, काटेरी पायांचे जीव निघतात हे पाहिल्यावर डार्विन माउंड्सचा तो अहवाल वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. माझं ठाम मत तेव्हापासून असं आहे की बंदी ट्रॉल फिरण्याआधी घातली पाहिजे. नंतर घातलेली बंदी उरलेलं वाचवते, गेलेलं आणत नाही. नॉर्वेचं उदाहरण म्हणूनच मला मोलाचं वाटतं. तिथे रोस्ट बेटांजवळ तीस किलोमीटरहून लांब लोफेलियाचा खडक २००२ मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी त्यावर तळाचा ट्रॉल बंद झाला.

प्रश्न : माझा भाचा स्पेनमध्ये विगोला असतो. तो सांगतो, तिथले गळाने मासे धरणारे चिडलेत. ट्रॉलरनी वाट लावली, शिक्षा आम्हाला का, असं ते म्हणतात. त्यांचं चुकतंय का? — वाचक, ठाणे

पूर्ण चुकत नाही. आधी नियम सांगते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ८०० मीटरखाली तळाचा ट्रॉल बंद केला. ४०० मीटरखाली जिथे असे नाजूक जीव आहेत किंवा असण्याची शक्यता आहे, तिथे तळाला टेकणारी सगळीच साधनं बंद करायचं ठरलं. ट्रॉल, तळाची जाळी, सापळे आणि लांब दोरीचे गळसुद्धा. या जागा नेमक्या कोणत्या, हे ठरायला २०२२ उजाडलं : आयर्लंड, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालच्या पाण्यात ८७ तुकडे, मिळून १६,४१९ चौरस किलोमीटर. आपल्या पुणे जिल्ह्याहून जरा मोठं क्षेत्र.

स्पेनच्या गॅलिसियातल्या बुरेला, सेलेइरो अशा बंदरांतून पिढ्यान् पिढ्या गळाने हेक हा मासा धरणारे लोक निघतात. अझोर्स बेटांजवळच्या अभ्यासात दिसलं आहे की गळाच्या दोरीने होणारं नुकसान ट्रॉलच्या मानाने अगदी थोडं असतं. तेव्हा दोघांना एका मापाने मोजलं तर राग येणारच. स्पेनचं सरकार आणि मच्छीमार संघटना न्यायालयात गेल्या. जून २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने त्यांची मागणी फेटाळली.

माझं मत विचाराल तर, प्रत्यक्ष प्रवाळ असलेल्या जागी गळही नको. दोरी फांद्यांत अडकते आणि ओढताना शंभर वर्षांचं प्रवाळाचं झाड उपटून येतं. पण नकाशावरच्या सीमा ढोबळ असतील तर त्या सर्वेक्षण करून बारीक केल्या पाहिजेत, नुसत्या वाळूच्या पट्ट्यातून गळवाल्याला हाकलू नये. त्यासाठी जहाज आणि कॅमेरे लागतील, पैसा लागेल. तो सरकारने द्यावा, गळवाल्याच्या पोटातून काढू नये. नजर ठेवण्याची सोय आधीपासून आहे. बारा मीटरहून लांब बोटींचा ठावठिकाणा उपग्रहावरून ठरावीक वेळाने कळत असतो आणि बोट वेगाने चालली आहे की ट्रॉल ओढत संथ जाते आहे, हे त्यावरून ओळखता येतं.

प्रश्न : आपल्या किनाऱ्यासमोर असं काही जपण्यासारखं आहे का? — निवृत्त शिक्षक, देवगड

आहे, गुरुजी, आणि तुमच्या समोरच आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेला हा पाण्याखालचा पठारी उंचवटा. माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटरवर, म्हणजे साधारण दहा-अकरा वाव. तो खोल समुद्रात मोडत नाही. तिथे ऊन पोचतं आणि प्रवाळही उन्हावर जगणारं आहे. पण त्याच्या पलीकडे तळ झपाट्याने खाली जातो. त्या उतारावर काय काय राहतं, हे आंग्रियाच्या माथ्याइतकंही कुणी निवांत पाहिलेलं नाही.

आपले बहुतेक ट्रॉलर अजून उथळ पाण्यातच काम करतात, कारण मुंबईसमोर किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची ही उथळ पायरी फार रुंद आहे. केरळात ती अरुंद आहे, आणि कोल्लमसमोर २००० सालच्या सुमारास ट्रॉलर खोल पाण्यातल्या कोळंबीमागे तीनशे-चारशे मीटरपर्यंत उतरले. किनाऱ्याजवळची मासळी आटली की आपल्याकडच्या बोटीही त्याच दिशेने सरकतील. त्याआधी आंग्रियाचा माथा आणि त्याचा पश्चिम उतार दोन्ही एकत्र संरक्षित व्हावेत, असं मला वाटतं. नुसता माथा राखून उतार सोडला तर अर्धंच काम होईल. तुमच्या गावात मच्छीमार सोसायटी असेल. तिच्या जुन्या तांडेलांना विचारून पाहा : त्या बाजूला जाळं कुठे फाटतं, जाळ्यात दगडी फांद्या कुठे येतात. ती ठिकाणं वावासकट लिहून माझ्याकडे पाठवलीत, तर पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहीन.