उन्हाच्या दिवसांत पुण्यात नाटक पाहायचे, तर दिवस कसा आखावा?

आपण विचारले आहे की उन्हाळ्यात वयस्कर आईला घेऊन एका दिवसासाठी पुण्याला यायचे, बालगंधर्व रंगमंदिरात नाटक पाहायचे, तर कोणता प्रयोग निवडावा. माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: दुपारी साडेबाराचा. बहुतेक जण रात्रीच्या प्रयोगाचा आग्रह धरतात. परंतु तो संपेपर्यंत मध्यरात्र उलटते आणि नाटकाविषयी दोन शब्द बोलण्याआधीच परतीची घाई सुरू होते. दुपारच्या प्रयोगामुळे उन्हाचा सर्वांत कडक प्रहर वातानुकूलित प्रेक्षागृहात जातो आणि उरलेली संध्याकाळ गप्पांना मोकळी राहते.

सकाळी पुणे स्टेशनहून मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरावे आणि प्रथम जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर पाहावे. राष्ट्रकूटकाळातील हे शैव लेणे भर रस्त्यालगत, जमिनीच्या पातळीखाली, काळ्या कातळात कोरलेले आहे. अंगणातील गोलाकार नंदीमंडपावर ऊन तळपत असताना आतल्या चौकोनी खांबांपाशी मात्र सुखद गारवा असतो. उतरण्यासाठी पायऱ्या आहेत, तेव्हा आईंच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा. त्यानंतर पोटभर नाश्ता करून बाराच्या सुमारास रंगमंदिरात पोहोचावे. जेवणासाठी थांबू नये. मध्यंतरात बटाटावडा आहेच, आणि तो खाल्ल्याशिवाय बालगंधर्वची वारी पुरी होत नाही.

या वास्तूची पायाभरणी १९६२ मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांच्या हस्ते झाली. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले आणि पुढच्याच वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी रंगमंदिराचे उद्घाटन झाले. ज्या नटाच्या नावाने ते उभे राहिले, त्याला तेथे पडदा उघडलेला पाहता आला नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

तिकिटे आधीच काढून ठेवावीत. वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात, तारीख आणि वेळ पुन्हा पडताळावी, आणि शक्य असल्यास तिकीटखिडकीवर प्लॅन पाहून जागा निवडावी. अगदी पुढच्या रांगांत मान वर करून बसावे लागते व नेपथ्याचा संपूर्ण आकार नजरेत येत नाही. म्हणून सहाव्या ते दहाव्या रांगेतील, आईंसाठी कडेची खुर्ची मला अधिक योग्य वाटते. बाल्कनी टाळावी.

प्रयोग संपल्यावर लगेच निघू नये, हा माझा विशेष आग्रह. साडेपाचला बहुधा दुसऱ्या संस्थेचे नाटक असते, त्यामुळे पडदा पडताच रंगमंच कामगार कामाला लागतात. क्षणापूर्वी ज्या भिंतीला टेकून नायिका रडत होती, ती भिंत दोघे जण आडवी करून मागच्या दाराने टेम्पोकडे नेताना दिसतात; दारे, खिडक्या, जिना, सारे सुटे होऊन ठरलेल्या क्रमाने आत चढते, आणि शेजारीच दुसऱ्या नाटकाचे घर उतरू लागते. मराठी व्यावसायिक रंगभूमी या माणसांच्या खांद्यांवर गावोगाव फिरते. कामाच्या वाटेत न येता, बाजूच्या सावलीत उभे राहून आईंनाही हे अवश्य दाखवावे.