बिकिनीवर फिरता येतं, मग राहता का येत नाही?

प्रश्न : प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी बेटावर आज नुसतं फिरायला धोका नाही, असं वाचलं. मग अणुचाचण्यांसाठी हलवलेल्या मूळ रहिवाशांना तिथे परत का वसवत नाहीत?

उत्तर : फिरून परतणाऱ्यासाठी ते खरं आहे. पण किरणोत्सार मोजायचा हातातला मीटर बाहेरून अंगावर पडणारे गॅमा किरण मोजतो आणि बिकिनीचा मुख्य धोका जेवणातून येतो. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात तिथे २३ अणुचाचण्या केल्या. त्यातून उरलेल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ३० वर्षांचा. झाडाच्या दृष्टीने सिझियम पोटॅशियमसारखंच. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी आणि सिझियम धरून ठेवणारी चिकणमाती जवळपास नाहीच, म्हणून नारळ आणि केवड्याच्या जातीची फळझाडं ते भराभर शोषतात. १९६८ साली बेट राहण्याजोगं ठरवलं गेलं, काही कुटुंबं परतली आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावं लागलं, कारण शरीरातलं सिझियम वाढत होतं. लोक स्थानिक नारळ किती खातील, हा अंदाजच कमी धरला होता.

म्हणून आधी आहाराची पाहणी हवी, तीही स्वयंपाक करणाऱ्या बायकांना विचारून: बोटीतून येणारा तांदूळ थांबला तर काय खाता? त्यानंतर प्रत्येक फळाचे, खेकड्यांचे, माशांचे नमुने आणि मातीचे थराथराने, निदान ४० सेंटिमीटरपर्यंतचे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार सगळं अन्न तिथलंच खाल्लं तर वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक), आयात अन्न मिसळलं तर सुमारे ४. जगात नैसर्गिक किरणोत्साराची सरासरी २.४ आहे. सरासरी माणसावर थांबू नये. सर्वांत जास्त नारळ खाणाऱ्या घराचा हिशेब वेगळा मांडावा. चाचण्यांतून उरलेला दुसरा किरणोत्सारी पदार्थ म्हणजे प्लुटोनियम. ते साध्या गॅमा मीटरवर सहसा सापडत नाही. ते धुळीबरोबर फुप्फुसात जातं, त्यामुळे हवेतली धूळ स्वतंत्रपणे तपासावी लागते.

प्रश्न : वरची माती खरवडून टाकली तर?

उत्तर : सिझियम जाईल, पण त्याबरोबर बेटाचा सुपीक थरही जाईल आणि झाडं उभी राहायला कित्येक वर्षं लागतील. शिवाय काढलेली माती टाकायची कुठे, हा प्रश्न उरतोच. आम्हाला पटणारा मार्ग असा: घरांभोवतीची माती काढून तिथे स्वच्छ प्रवाळाची खडी पसरायची आणि बागांना पोटॅशियम खत द्यायचं. खताने फळांतलं सिझियम खूप घटतं, पण मातीतलं नाहीसं होत नाही. खत बंद पडलं की काही वर्षांत फळांतलं प्रमाण पुन्हा चढू लागतं. त्यामुळे खताचा पुरवठा आणि रहिवाशांची नियमित संपूर्ण-शरीर मोजणी (शरीरात किती सिझियम साठलं, याची तपासणी) यांची लेखी हमी मिळेपर्यंत कुटुंबांना तिथे नेऊ नये.