टॉवरशिवायचा विमानतळ

प्रश्न : जावई दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पेडीला ओपल रत्नांच्या धंद्यात आहेत. तिथल्या विमानतळावर विमानांना सूचना देणारा टॉवरच नाही म्हणे! मग रात्री विमान उतरतं कसं? आणि जानेवारीत लेकीची एक बॅग मागे राहिली, ती का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : टॉवर नसला तरी रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरलेली असते, वेगळी नेमलेली नसेल तिथे १२६.७ मेगाहर्ट्झ. वैमानिक तीवर आपली जागा, उंची आणि पुढचा बेत सांगतात, इतरांचं ऐकून अंतर राखतात. अशा ठिकाणी धावपट्टीचे दिवेही बऱ्याचदा विमानातूनच लावतात. नेमलेल्या फ्रिक्वेन्सीवर माइकचं बटण तीनदा दाबायचं, दर वेळी १ ते ५ सेकंद. घाईने टकटक केलं तर यंत्रणा दाद देत नाही. दिवे निदान ३० मिनिटं राहतात. शेवटच्या १० मिनिटांत विंडसॉकचा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा, दिवा लुकलुकतो, की पुन्हा बटण.

बॅगेचं कारण बहुधा ऊन; जानेवारीत तिथे उन्हाळा असतो. ४५ अंशांना हवा १५ अंशांपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धावपट्टी मात्र तेवढीच, म्हणून वजन कमी करावं लागतं. राखीव इंधनाला हात लावता येत नाही, मग आधी सामान उतरतं. सकाळचं विमान असेल तर ते घ्यावं, औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत.